खडक, घड्याळ आणि टेफ्लॉनचा तुकडा

हिमाचलच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात छोटा शिग्री नावाची साधारण ९ किलोमीटर लांबीची हिमनदी आहे. २००२ पासून तिचा जमाखर्च मांडला जातोय. हिवाळ्यात हिम किती साठलं, उन्हाळ्यात किती वितळून गेलं, वर्षाअखेर शिल्लक राहिली की तूट आली. हिशेबाचं मुख्य साधन म्हणजे बांबू. वाफेच्या ड्रिलने बर्फात आठ-दहा मीटर खोल भोक पाडायचं, दोन-दोन मीटरचे बांबू तारेने जोडून आत सोडायचे आणि पुढच्या खेपेला किती बांबू उघडा पडला ते टेपने मोजायचं. याहून प्रामाणिक उपकरण शोधून सापडणार नाही. अडचण एवढीच की बांबू फक्त बेरीज सांगतो. दोन मीटर बर्फ गेला हे कळतं, पण जूनच्या शेवटी आठवडाभर ऊन तापलं तेव्हा तो गेला, की ऑगस्टमध्ये वरचं हिम संपून धूळ उघडी पडल्यावर गेला, हे कळत नाही.

दुसऱ्या टोकाला उपग्रह. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात आणि १० मीटरचा पिक्सेल देतात. त्या दिवशी ढग असले की फेरी फुकट. बांबू आणि उपग्रह यांच्या मधली जागा, म्हणजे तासाला एक नोंद आणि वीतभर तपशील, बरीच वर्षं रिकामी होती. ती भरायला फोनमध्ये असतो तेवढ्या कुवतीचा सेन्सर पुरतो, हे गेल्या दहा-बारा वर्षांत हळूहळू लोकांच्या पचनी पडलं.

फोटोवरून हिमनदी मोजायची कल्पना अजिबात नवी नाही. सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी आल्प्समधल्या फर्नाग्टफर्नर हिमनदीचा नकाशा १८८९ मध्ये जमिनीवरून काढलेल्या छायाचित्रांवरून तयार केला होता, तोही काचेच्या प्लेटांवर. नवी आहे ती किंमत. २०१५ मध्ये रास्पबेरी पाय झीरो हा बोटभर संगणक ५ डॉलरला आला. २०२० मध्ये त्याच कंपनीचा एचक्यू कॅमेरा ५० डॉलरला आला. त्यात १२.३ मेगापिक्सेलचा सोनी आयएमएक्स ४७७ सेन्सर, १२ बिटची रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही न सुधारलेली फाइल आणि लेन्स बदलायची सोय. संशोधन संस्था बर्फाची वर्णरेषा, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती परततो ते, मोजायला जे स्पेक्ट्रोरेडिओमीटर घेतात त्याची किंमत लाखांत जाते. साहजिकच मोह होतो की डबा करावा, कॅमेरा आत टाकावा आणि डोंगरावर ठेवून यावं.

माझ्या मते इथेच फसगत होते. या सगळ्या जुळणीत कॅमेरा हा सर्वांत कमी दगा देणारा भाग आहे. चित्र तो काढतोच. त्या चित्राचं मोजमाप व्हायचं असेल तर भोवती आणखी काही गोष्टी लागतात: न हलणारा खडक, न चुकणारं घड्याळ, ज्याचा पांढरेपणा ठाऊक आहे असा एखादा तुकडा आणि बटण दाबल्यावर मनाने काही न ठरवणारा कॅमेरा. यांतल्या बहुतेकांना जवळपास काहीच पैसे पडत नाहीत. आणि नेमक्या त्याच राहून जातात.

आधी खडक. एचक्यू कॅमेऱ्याचा एक पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा. त्याला १६ मिलिमीटरची लेन्स लावली तर एक किलोमीटरवरच्या बर्फावर तो पिक्सेल साधारण १० सेंटिमीटरचा होतो आणि चौकटीत ३९० मीटर रुंदीचा पट्टा मावतो. ६ मिलिमीटरची लेन्स लावली तर पट्टा किलोमीटरभराचा होतो, पण पिक्सेल २६ सेंटिमीटरचा. रास्पबेरीच्याच आधीच्या, छोट्या ‘पाय कॅमेरा व्ही-२’ मध्ये कायमच्या बसवलेल्या ३.०४ मिलिमीटर लेन्सने तो ३७ सेंटिमीटरवर जातो. आता वर्षाला ३० मीटर सरकणारी हिमनदी धरा. दिवसाला ८ सेंटिमीटर, म्हणजे १६ मिलिमीटरच्या लेन्समध्ये रोज एक पिक्सेलसुद्धा नाही, आणि तेही कॅमेरा तिच्या वाहण्याला आडवा बघत असेल तर. समोरून बघितलं तर पुढे येणारा बर्फ जवळजवळ सरकताना दिसतच नाही.

याची उलट बाजू जास्त बोचरी आहे. एक पिक्सेल म्हणजे कोनात सुमारे २० विकला (एका अंशात ३६०० विकला). कॅमेरा ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर बसवला असेल आणि त्या पट्टीचं टोक ०.०३ मिलिमीटरने हललं, की चित्रातला सगळा डोंगर एका पिक्सेलने सरकतो. सकाळी ऊन लागून पट्टी प्रसरण पावते तेव्हा याहून जास्त हालचाल होते. म्हणजे कॅमेरा हलणारच हे धरून चालायचं. उपाय सोपा आहे आणि फुकटचा आहे: चौकटीचा किमान एक-तृतीयांश भाग हिमनदीपलीकडच्या पक्क्या कातळाला द्यायचा. त्या कातळावरचे पंधरा-वीस ठसठशीत बिंदू प्रत्येक चित्रात शोधायचे, त्यांची हालचाल शून्य मानायची आणि उरलेली हालचाल बर्फाची. इमग्राफ्ट आणि पायट्रॅक्स ही मोफत सॉफ्टवेअरं हेच करतात. देखणं चित्र हवं म्हणून पूर्ण चौकट बर्फाने भरली, की हा आधार जातो आणि मग कितीही महागडं सॉफ्टवेअर आणलं तरी तो परत मिळत नाही.

बसवण्याची जागासुद्धा कातळच हवी. हिमनदीच्या कडेचा दगडगोट्यांचा बांध, म्हणजे मोरेन, दिसायला भक्कम असतो आणि तिथून दृश्यही छान मिळतं. पण त्याच्या पोटात बऱ्याचदा जुना बर्फ असतो. तो वितळला की बांध खचतो आणि कॅमेऱ्याची नजर हळूहळू कलत जाते. उघड्या कातळात १० मिलिमीटरचे एक्सपान्शन बोल्ट ठोकायचे, त्यांवर जाड जीआय पाइपचा बुटका तिपाया, वाऱ्यासाठी तारेचे तीन ताण. तिपाया जितका उंच तितका तो थरथरतो. मात्र हिमात गाडला जाणार नाही इतकी उंची हवीच, म्हणून वाऱ्याने हिम उडून जाईल अशी कड निवडावी. कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवावं, म्हणजे सूर्य काचेत घुसत नाही. फोकस आणि अ‍ॅपर्चरच्या कड्यांचे स्क्रू घट्ट करून वर नेलपॉलिशचा थेंब टाकावा. वाऱ्याच्या कंपनाने कडं फिरून गेलेलं जूनमध्ये कळण्यापेक्षा हे बरं.

आता थंडी. छोटा शिग्रीकडे जाणारा ग्राम्फू ते बातल रस्ता हिवाळाभर बंद असतो. मनालीकडून लाहौलमध्ये शिरायला २०२० पासून अटल बोगदा आहे, पण त्या बोगद्याने या रस्त्यावरचं हिम हटत नाही. ऑक्टोबरमध्ये लावलेलं उपकरण मे-जूनपर्यंत कुणी बघायला जात नाही. आठ महिने म्हणजे सुमारे २४० दिवस, हाच सगळ्या रचनेचा पाया.

विजेचा हिशेब कागदावर मांडला की बरेच गैरसमज दूर होतात. पाय झीरो डब्ल्यू कॅमेऱ्यासह चालू असताना साधारण १ वॅट घेतो. चालू होणं, फोटो, साठवणं आणि नीट बंद होणं याला ९० सेकंद धरा. दिवसाला बारा फोटो म्हणजे १८ मिनिटं, म्हणजे ०.३ वॅट-तास. हे किरकोळ आहे. पण उरलेले पावणेचोवीस तास झोपेत जातात, आणि झोपेतला खर्च कुणी मोजत नाही. बाजारात सहज मिळणारं एलएम २५९६ चं कन्व्हर्टर १२ व्होल्टचे ५ करताना पलीकडे काहीही जोडलेलं नसलं तरी ५ मिलिअँपिअर किंवा जास्तच पितं. ५ धरले तरी दिवसाला १.४ वॅट-तास, म्हणजे फोटो काढायच्या खर्चाच्या जवळपास पाचपट. त्यावरचा लाल दिवा वेगळाच. म्हणून वीज तोडणारा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, कन्व्हर्टरच्या पुढे नव्हे, मागे, बॅटरीच्या बाजूला लावायचा आणि तो घड्याळाच्या अलार्मने उघडायचा. मग झोपेत फक्त घड्याळ जागं राहतं आणि खर्च मायक्रोअँपिअरवर येतो.

बॅटरीची निवड तापमान ठरवतं. लिथियम-आयन पॅक शून्याखाली वीज देतो, पण शून्याखाली चार्ज करायचा नसतो. धातुरूप लिथियम आत साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेलनाही हेच लागू. सौर पॅनेल मात्र उणे १५ अंशांतल्या लख्ख उन्हात जोमाने चार्ज करू बघतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी थंडीत चार्ज होते, पण उणे २० ला तिची क्षमता निम्म्यावर येते. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तासांची, हातात ४२. शिवाय थंडीत तिला चार्जिंगचा व्होल्टेज जास्त लागतो. सहा सेल मिळून दर अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट, म्हणजे २५ अंशांवरून उणे १५ वर आलं तर जवळजवळ १ व्होल्ट. तापमानाची दखल न घेणारा स्वस्त कंट्रोलर ही वाढ देत नाही, बॅटरी अर्धपोटी राहते. आणि भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० च्या खाली गेल्याशिवाय गोठत नसलं तरी रिकाम्या बॅटरीतलं उणे १० च्या आसपासच गोठतं. मग डबा फुटतो.

यापेक्षा सरळ वाट आहे: चार्जच न करणं. लिथियम-आयर्न-डायसल्फाइडचे एए आकाराचे सेल उणे ४० पर्यंत काम करतात आणि प्रत्येकात साधारण साडेचार वॅट-तास असतात. दिवसाला ०.३ या हिशेबाने २४० दिवसांना ७२ वॅट-तास, म्हणजे सोळा सेल. थंडीतली घट आणि कन्व्हर्टरचं नुकसान धरून चोवीस घ्यावेत, आठ-आठच्या तीन माळा. पॅनेल नाही, कंट्रोलर नाही, बाहेर लोंबणारी वायर नाही. सेल महाग पडतात हे खरं. पण पॅनेलवर साचलेलं हिम, उडालेला कंट्रोलर आणि उंदरांनी कुरतडलेली वायर या तिन्ही कटकटी मिटतात. पॅनेल लावायचंच असेल तर ते दक्षिणेकडे तोंड करून ६५ ते ७० अंशांच्या खड्या उतारावर लावावं. हिम घसरून पडतं आणि समोरच्या हिमावरून परतलेला प्रकाशही मिळतो.

घड्याळाबद्दल थोडं. पाय झीरोमध्ये स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेट नसलेल्या डोंगरावर तो जागा झाला की शेवटची साठवलेली वेळ खरी मानतो, आणि आठ महिन्यांचे फोटो एकाच दुपारी काढल्यासारखे दिसतात. म्हणून डीएस ३२३१ ही चिप. तिच्यातला ‘एसएन’ शेपटीचा प्रकार उणे ४० पर्यंतच्या तापमानासाठी असतो आणि त्याची चूक दशलक्षात साडेतीनपेक्षा जास्त नसते, म्हणजे आठ महिन्यांत सव्वा मिनिट. त्याचं जे स्वस्त निळं मॉड्यूल मिळतं त्यात नाणे-सेल चार्ज करायचं सर्किट असतं. आपण त्यात घालतो साधा सीआर २०३२, जो चार्ज करायचा नसतोच. तो फुगतो, गळतो. बसवण्याआधी तिथला २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाकावा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवावी आणि डब्यावर मार्करने तसं लिहावं. साडेपाच तासांच्या गोंधळाने सूर्याची दिशा चुकते आणि मग सावल्यांचं गणित कधीच जुळत नाही.

बाष्पाची गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला जास्त लागू. भारताच्या ध्रुवीय आणि हिमालयीन हिमसंशोधनातलं एक मोठं ठिकाण, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, गोव्यात वास्कोला समुद्राकाठी आहे. स्पितीतल्या सुत्री ढाका हिमनदीजवळचं हिमांश हे ४००० मीटरवरचं ठाणं याच केंद्राने २०१६ मध्ये सुरू केलं. आता गोव्यात, किंवा मुंबईत, जुलै महिन्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत दहा लिटरचा डबा बंद केला तर आत सुमारे पाव ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात कोंडलं जातं. ऐकायला ते काहीच नाही. पण उणे २० ला त्यातलं जवळजवळ सगळं गोठून डब्यातल्या सर्वांत थंड पृष्ठभागावर बसतं, आणि तो पृष्ठभाग म्हणजे लेन्ससमोरची काच. आठ महिने धुक्याचे फोटो. डबा वातानुकूलित कोरड्या खोलीत, किंवा सरळ लाहौलच्या कोरड्या हवेत बंद करावा. आत ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल ठेवावं, तेही आदल्या दिवशी ११०-१२० अंशांवर काही तास भाजून कोरडं केलेलं. हवाबंद म्हणजे चांगलं, ही समजूतही इथे उलटते. खाली बंद केलेला डबा साडेचार हजार मीटरवर नेला की आतल्या दाबाने झाकण फुगतं आणि रबराची कड सैल होते. मग रात्री आतली हवा आकसली की बाहेरची दमट हवा त्याच फटीतून आत ओढली जाते. हवा जाऊ देणारं पण पाणी अडवणारं छोटं व्हेंट डब्याच्या खालच्या बाजूला बसवलं की हा श्वास नियंत्रणात राहतो.

काच साधीच बरी. अ‍ॅक्रिलिकला वाऱ्याबरोबर आलेल्या हिमकणांनी आणि वाळूने चरे पडतात. काच लेन्सच्या तोंडाला जवळजवळ टेकलेली ठेवावी आणि मधल्या फटीभोवती काळा फेल्ट गुंडाळावा, नाहीतर डब्याच्या आतल्या भागाचं प्रतिबिंब प्रत्येक चित्रात येतं.

एक्स्पोजर हा विषय बहुतेक जण हसण्यावारी नेतात. कॅमेऱ्याचं स्वयंचलित मीटर समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं धरून चालतं. हिम पडलं की ते शटर जलद करतं, हिम मळलं की मंद करतं. त्यामुळे ताजं हिम आणि मळलेला बर्फ दोन्ही चित्रांत सारखेच दिसतात. दर गिऱ्हाइकाला वजनं बदलणाऱ्या वाण्याकडून आपण धान्याचा भाव काढायला बसलोय. शटर, गेन (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवायचे आणि आठ महिने हात लावायचा नाही. भर उन्हातल्या हिमासाठी एफ ४ अ‍ॅपर्चर आणि गेन १ ला शटर साधारण १/३२०० सेकंद येतं. नेमकं मूल्य जागेवर तपासून असं ठेवावं की सर्वांत उजळ हिम सेन्सरच्या कमाल आकड्याच्या ७० ते ७५ टक्क्यांवर बसेल. ढगाळ दिवसांसाठी आणि सावलीतल्या उतारांसाठी त्याच वेळी १/८०० आणि १/२०० चे आणखी दोन फोटो घ्यावेत. तीन रॉ फाइल, प्रत्येकी साडेअठरा मेगाबाइट, दिवसाला बारा वेळा, २४० दिवस: १६० गिगाबाइट. म्हणून २५६ चं कार्ड, औद्योगिक दर्जाचं, कारण साधी कार्डं उणे २५ पर्यंतच्याच हमीची असतात. ऑपरेटिंग सिस्टिमचं विभाजन फक्त वाचण्यापुरतं ठेवावं, म्हणजे मधेच वीज गेली तर पायचं चालू होणं अडत नाही.

जेपेगवर विसंबू नये. त्यात कॅमेऱ्याने उजेडाचं प्रमाण डोळ्याला बरं दिसावं म्हणून वाकवलेलं असतं. रॉ फाइलमधला आकडा उजेडाच्या थेट प्रमाणात असतो, फक्त आधी काळ्याची पायरी, म्हणजे पूर्ण अंधारातही सेन्सर देतो तो आकडा, वजा करावी लागते. आयएमएक्स ४७७ च्या १२ बिटमध्ये ती २५६ असते आणि व्ही-२ कॅमेऱ्याच्या १० बिटमध्ये ६४. मग कडांचा अंधार. ढगाळ आकाशाकडे कॅमेरा धरून, लेन्सवर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवून काढलेल्या चित्राने प्रत्येक चित्राला भागलं की तो जातो. व्ही-२ च्या चिमुकल्या लेन्समध्ये हा अंधार इतका असतो की ही पायरी गाळली तर चौकटीच्या कोपऱ्यातला बर्फ उगाच मळका ठरतो.

मग पांढऱ्याचा मापदंड. प्रयोगशाळेत वापरतात ती खास परावर्तक पाटी महाग असते. तिच्याऐवजी १० मिलिमीटर जाडीची टेफ्लॉनची पाटी, वरची चकाकी बारीक पॉलिश पेपरने घालवलेली, दृश्य प्रकाशात पुरेशी चांगली चालते. ती स्पिरिट लेव्हल लावून सपाट ठेवायची, कारण उतरत्या उन्हात दोन अंशांचा कलही उजेड बदलतो. ए४ कागद मात्र कधीच वापरू नये. कागदात चमक आणणारी रसायनं असतात. ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश सोडतात, आणि साडेचार हजार मीटरवर अतिनील भरपूर. निळ्या पट्ट्यात कागद पडलेल्या उजेडापेक्षाही जास्त उजळ निघतो. हिवाळ्यात पाटी हिमाखाली जाणार हे उघड आहे. तेव्हा हिमवर्षावानंतरच्या पहिल्या निरभ्र दिवशी सपाट जागेवरचं ताजं हिमच मापदंड धरायचं. त्याचा अल्बेडो, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी परततो तो हिस्सा, ०.८ ते ०.९ असतो. मळका बर्फ ०.२ पर्यंत उतरतो, म्हणजे त्याच उन्हातली किमान चारपट ऊर्जा आत घेतो. बांबूच्या बेरजेमागचं कारण बऱ्याचदा या फरकात सापडतं.

हिम काळवंडायची कारणं दोन, आणि एका कॅमेऱ्याने ती वेगळी करता येत नाहीत. धूळ आणि काजळी दृश्य प्रकाश खातात. दुसरीकडे हिम नुसतं जुनं झालं, कण ०.१ मिलिमीटरवरून १ मिलिमीटरपर्यंत वाढले, तर दृश्य प्रकाशात विशेष फरक पडत नाही, पण जवळच्या अवरक्त पट्ट्यात परावर्तन घटतं, कारण तिथे बर्फ स्वतः प्रकाश शोषतो आणि मोठ्या कणातून किरणाचा प्रवास लांबतो. म्हणून दोन कॅमेरे शेजारी: एक साधा आणि एक अवरक्त गाळणी नसलेला ‘नॉयर’, त्यावर ८५० नॅनोमीटरचा लाँगपास फिल्टर, जो त्याहून लांब लहरीच आत सोडतो. दोन्ही मंदावले तर कण वाढले आणि मळही आला, फक्त दृश्य मंदावला तर मळ, फक्त अवरक्त मंदावला तर वय. एचक्यू कॅमेऱ्यातला अवरक्त फिल्टरही काढता येतो, पण एकदा काढला की पुन्हा नीट बसत नाही आणि सेन्सरवर धूळ जाते.

इथे एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. उपग्रहांच्या चित्रांत हिम ओळखायला एनडीएसआय हा निर्देशांक वापरतात, म्हणून तोच या जोडकॅमेऱ्यावर काढला जातो. त्या निर्देशांकाला १.६ मायक्रॉनचा पट्टा लागतो. सिलिकॉनचा सेन्सर १.१ मायक्रॉनच्या पुढे आंधळा असतो. नाव तेच ठेवून ८५० चा आकडा घातला तर जे निघतं ते एनडीएसआय नव्हे, आणि त्यावरून हिम व ढग वेगळे करता येत नाहीत.

उष्णता टिपणारे छोटे कॅमेरे आता फोनला जोडता येतात. फ्लिर लेप्टॉन ३.५ मध्ये १६० बाय १२० पिक्सेल असतात, एक किलोमीटरवर एक पिक्सेल सुमारे ७ मीटरचा, आणि अचूकता उणे-अधिक ५ अंशांची. हे आकडे निराश करणारे आहेत. पण हिमनदीवर एक नैसर्गिक मापदंड फुकट मिळतो. वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो, त्याहून वर जातच नाही. चौकटीत ओला बर्फ ठेवला की सगळं चित्र त्याच्या आधाराने सरकवता येतं. दगडमातीने झाकलेल्या हिमनदीवर याचा उपयोग होतो. दगडांचा पातळ थर वितळणं वाढवतो आणि जाड थर बर्फाला झाकून वाचवतो, हे १९५९ मध्ये हिमनदी-अभ्यासक एस्ट्रेम यांनी दाखवलं. दुपारी थर किती तापला यावरून त्याच्या जाडीचा ढोबळ अंदाज बांधता येतो.

वर्णरेषेच्या बाबतीत शेफील्ड विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये पाय कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा रंगगाळणीचा थर उतरवून अतिनील कॅमेरा बनवला आणि ज्वालामुखीतला सल्फर डायऑक्साइड टिपला. पुढे स्मार्टफोनच्या दर्जाच्या सेन्सरवर हायपरस्पेक्ट्रल, म्हणजे प्रकाशाचे अनेक बारीक पट्टे वेगळे टिपणारी उपकरणंही तयार झाली. घरगुती आवृत्तीत दोन ब्लेडच्या धारांमधली ०.१ मिलिमीटरची फट, मिलिमीटरला १००० रेषांची, प्रकाश रंगांत फोडणारी पारदर्शक ग्रेटिंग आणि आतून काळी केलेली नळी लागते. तरंगलांबी जुळवायला जुना सीएफएल दिवा उत्तम, त्यातल्या पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या रेषा आणि फॉस्फरची ६११ ची. एलईडी आल्यापासून सीएफएल दुकानात मिळेनासे झालेत, घरातला शेवटचा जपून ठेवावा. अशा नळीने हिमावरच्या शैवालातलं हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरजवळच्या खळग्यावरून ओळखता येतं. लालसर दिसणारा पट्टा धुळीचा की शैवालाचा, हे डोळ्याने बऱ्याचदा ठरत नाही.

फोन हातात धरून त्रिमितीय प्रतिकृती काढणं सगळ्यांत सोपं वाटतं. ७०-८० टक्के एकमेकांवर चढणारे फोटो, चौकटीत एक मीटरच्या दोन काठ्या, बाकी सॉफ्टवेअर बघतं. ताज्या हिमावर मात्र ते कोसळतं, कारण धरायला खूणच नसते. मळका, खडबडीत बर्फ आणि तिरकं ऊन असेल तर छान जमतं. सगळे फोटो अर्ध्या तासात संपवावेत, नाहीतर सावल्या सरकतात. काही फोनमधलं लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं साधन, पाच मीटरपर्यंतच पोचतं, ते बांबूभोवतीचा खळगा मोजायला ठीक.

अशा डब्याला कुणी धोक्याची घंटा म्हणून विकत असेल तर ते मला पटत नाही. ३ ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं ते रात्री. साध्या कॅमेऱ्याला अंधारात आणि ढगात काही दिसत नाही, आणि हिमालयातल्या दुर्घटनांचा मोसम नेमका ढगांचा. पूर आल्यावर काय घडलं हे नीट कळायला आधीचे फोटो अमूल्य असतात. घंटेसाठी पाण्याची पातळी आणि जमिनीची कंपनं मोजणारी वेगळी साधनं आहेत.

परवानगी आधी घ्यावी. लाहौल-स्पिती सीमेवरचा जिल्हा आहे आणि डोंगरावर एकटा पडलेला, वायरी असलेला डबा कुणालाही संशयास्पद वाटेल. उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ याच कुरणांवर येतात. डब्यावर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहावं की हा बर्फाचे फोटो काढणारा कॅमेरा आहे, आत पैसे मिळतील असं काही नाही. बाहेर एखादी वायर असलीच तर ती लोखंडी नळीतून न्यावी, कारण पिका (सशाच्या कुळातला छोटा डोंगरी प्राणी) आणि उंदरांना वायरीचं आवरण आवडतं. डोमकावळे काचेवर चोच मारतात, त्यांना बसायला कॅमेऱ्याच्या वर दांडी ठेवू नये.

जूनमध्ये परत गेल्यावर डबा लगेच उघडायचा नाही. आधी फोनवर जीपीएसची वेळ सेकंदांसह मोठी करून कॅमेऱ्यासमोर धरायची आणि पुढचा ठरलेला फोटो निघेपर्यंत थांबायचं. घड्याळ किती सरकलं ते त्या एका फोटोत उतरतं. मग टेफ्लॉनची पाटी पुसून, लेव्हल लावून तिचा फोटो. काचेच्या बाहेरच्या बाजूचा मळ पुसण्याआधी एक आणि पुसल्यावर एक, कारण मळलेली काच सगळा हिवाळा हळूहळू गडद करत आलेली असते आणि तो फरक वजा करावा लागतो. त्यानंतर कार्ड काढून दोन वेगळ्या डिस्कवर नक्कल करायची, आणि दोन्ही नकला उघडून पाहिल्याशिवाय ते कार्ड पुन्हा वापरायचं नाही. बोल्ट मात्र ढिले करायचे नाहीत. नवे सेल आणि नवं कार्ड त्याच डब्यात, त्याच जागी, तीच नजर ठेवून घालायचं, म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या पिक्सेलची पहिल्या वर्षीच्या पिक्सेलशी तुलना करता येते.